म्हस्कूचा निवाडा

निरवांगीच्या म्हस्कूचे हात कधी गप्प बसले नाहीत. जेवायला बसला की बोटं ताटाच्या काठावर वाजायची, गाडीत बसला की फळीवर, आणि कुणाच्या मयतीला गेला तर स्वतःच्याच गुडघ्यावर, दबक्या आवाजात. "तात्या, हात बांधून ठिवा की घटकाभर," असं कुणी म्हटलं की तो ओशाळून हात काखेत दाबायचा. काखेतही बोटांचं चालूच.

हलगी त्याला बापाकडून आली होती. कातडं कितीदा तरी बदललं, लाकडी कडं मात्र तेच; बापाच्या अंगठ्यानं झिजून तिथं एक खळगा पडला होता आणि म्हस्कूचा अंगठा आता त्याच खळग्यात बसायचा. त्या हलगीवर त्यानं लग्नं वाजवली, कुस्त्या वाजवल्या, बैलांच्या मिरवणुका वाजवल्या. पण इंदापूर तालुक्यात त्याचं नाव झालं ते सावळाराम वस्तादाच्या दांडपट्ट्यामुळं.

काय खेळ होता तो! कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी मूठ आणि तिच्यापुढं नागिणीसारखं लवलवणारं लांब पातं. वस्ताद नारळ फोडायचे, केळं सोलायचे, सुपारी उडवायचे. पण माणसं थांबून राहायची ती शेवटच्या डावासाठी. डोळ्यांवर पट्टी बांधलेली. पुढं पाटावर एक माणूस पालथा पडलेला, त्याच्या मानेवर लिंबू ठेवलेलं. पातं गरगरत गरगरत यायचं, खाली पडायचं, आणि लिंबाच्या दोन वाट्या दोन बाजूंना. मानेवर ओरखडासुद्धा नाही.

आता डोळे बांधलेल्या माणसाला कधी फिरायचं, कधी थबकायचं, कधी मारायचं, हे सांगणार कोण? हलगी. तिची बोली होती. हलगी धावत्या ठेक्यात असली की तो फेर. पातं नुसतं फिरत ठेवायचं. ठेका जड झाला की तो तोल. माणसाच्या बाजूला येऊन पातं एका जागेवर घोळवायचं. आणि मग निवाडा. सावळारामाच्या चालीत निवाडा म्हणजे हलगी एकदम बंद. सगळा आवाज कापल्यासारखा तुटायचा आणि त्या शांततेत पातं पडायचं. जत्रेतल्या हजारो छात्यांमधला श्वास त्या क्षणी अडकायचा. नाटकवाल्यांनी हेवा करावा असा तो क्षण होता.

पण सावळारामाचाच एक शिष्य, बारामतीचा महिपती, त्यानं ती चाल बदलली. त्याला कारण घडलं होतं. एका जत्रेत डाव ऐन रंगात असताना हलगीवाल्याचं कातडं फाटलं. आवाज तुटला. महिपतीच्या कानानं निवाडा ऐकला आणि पातं अवेळी खाली आलं. पाटावरच्या माणसाची मान वाचली, खांदा मात्र हाडापर्यंत उघडा झाला. महिपतीनं त्यानंतर कितीतरी दिवस पट्टा हातात घेतला नाही. घेतला तेव्हा म्हणाला, "आवाज गेला तर पातं थांबलं पायजे, पडता कामा न्हाय." त्याच्या नव्या चालीत फेर तोच, तोलही तोच, फक्त शेवट उलटा. हलगी थांबली की पातंही हवेत थांबायचं. त्या थांब्यात लिंबूवाल्यानं, म्हणजे पाटावरच्या माणसानं, श्वास सोडून हनुवटी छातीकडं ओढायची, मान नीट करायची. मग हलगीवर एकच भरघोस थाप पडायची आणि त्या थापेवर पातं.

सावळाराम वस्तादांना हे कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. "शाणा हाय महिपती," एवढंच म्हणाले. पण स्वतः जुनंच खेळत राहिले, आणि म्हस्कूही त्यांच्यामागं जुनंच वाजवत राहिला.

सत्तावन्न साली, थंडी सरता सरता, वस्ताद गेले. चैत्रात बारामतीला कऱ्हेच्या काठी त्यांच्या नावानं खेळ ठरला आणि महिपतीचा सांगावा आला: वस्तादांच्या आठवणीचा खेळ, तर मागं वस्तादांचीच हलगी हवी. तात्या, तुम्ही यायचं.

म्हस्कूनं सांगावा ऐकला आणि त्याच संध्याकाळी तो कामाला लागला. पाहुण्यानं यजमानाच्या घरी यजमानाच्या रीतीनं वागावं, असं त्याला बापानं शिकवलं होतं. महिपतीच्या आखाड्यात जायचं तर महिपतीची चाल वाजवायची. निमगाव केतकीच्या बाजारात बारामतीकडचा एक दांडपट्टेवाला भेटला, त्याच्याकडून त्यानं नवा निवाडा नीट समजून घेतला. मग रोज घरामागं बसून घोकणं: तोल, थांबा, थाप. सोपं नव्हतं ते. आयुष्यभर जिथं हात संपवून मोकळे झाले, तिथं आता संपवून पुन्हा एकदा उठायचं. थांबा आला की हात खाली पडून जायचे.

"हात शिकंनात व्हय?" धाकटा भाऊ गेणू विचारायचा.

"डोस्क्याला कळतंय रं. हातास्नी कळायला येळ लागतो."

गेणूचं आणि म्हस्कूचं वयाचं अंतर मोठं. आई लवकर गेली, तेव्हा म्हस्कूनंच त्याला वाढवला. गेणू कालव्याच्या पाण्यावर वांगी, मिरच्या काढायचा आणि इंदापूरच्या बाजारात विकायचा. अंगानं सडपातळ, जिभेनं चुरचुरीत. बारामतीच्या नेहमीच्या लिंबूवाल्याची पाठ धरल्याचं कळताच तो म्हणाला, "मी पडतो की पाटावर. उताणं पडून झोपा काढतोच, आता पालथं."

त्याची बायको भागूबाई चुलीपुढून उठून आली. "लिंबू माज्या डोक्यावर पिळा त्यापरीस. वांग्याला पानी कोन देनार मग?"

"अगं, वस्तादाच्या नावाचा खेळ हाय."

"वस्ताद गेलं सुखानं. तुमास्नी काय घाई हाय त्यांच्या मागं जायाची?"

म्हस्कूनं तिला समजावलं. नवी चाल भल्याची आहे, हलगी बंद पडली तरी पातं पडत नाही, हे स्वतः वाजवून दाखवलं. भागूबाईला पटल्यासारखं वाटलं, पण जाताना म्हणाली, "भावजी, तुमच्या हातावर सोडतीया त्यास्नी. पट्टेवाल्याच्या न्हवं." मग गेणूही घोकायला लागला. म्हस्कूची हलगी थांबली की अंगणात पालथा पडलेला गेणू श्वास सोडायचा, हनुवटी आत ओढायचा. आठवडाभरात हे इतकं अंगात भिनलं की जेवताना म्हस्कूची बोटं ताटावर थांबली तरी गेणूची हनुवटी खाली जायची आणि भागूबाईला नको असताना हसू यायचं.

खेळाच्या दिवशी सकाळी तिघं बारामतीला पोचले. महिपतीनं म्हस्कूला मिठी मारली, पाया पडला, स्वतःच्या ताटात जेवायला बसवलं. वस्तादांच्या आठवणी निघाल्या, दोघांचेही डोळे पाणावले. जेवण झाल्यावर सराव झाला. फेर चोख. तोल चोख. महिपतीचं पातं म्हस्कूच्या हलगीच्या काडीला दोरी बांधल्यासारखं फिरत होतं. निवाडा मात्र दोघांनीही वाजवला नाही, खेळला नाही. ती सावळारामांचीच शिस्त होती: पट्टा हातात असताना निवाडा रिकामा वाजवायचा नाही. वाजला की काहीतरी कापलं गेलंच पाहिजे. नाहीतर तो अपशकुन. तोलावर येऊन दोघं थांबले, एकमेकांकडं बघून हसले. जुळलं, असं दोघांनाही वाटलं.

तिसऱ्या प्रहरी नदीकाठचं मैदान फुलून गेलं. रेवड्यावाला नव्या पैशांना हात लावायला तयार नव्हता आणि गिऱ्हाईक त्याच्याशी भांडत होतं. झाडाला टांगलेला लाऊडस्पीकर मधूनच खरखरायचा. भागूबाई बायकांच्या घोळक्यात पुढं उभी होती, पदर दातात. म्हस्कूनं कडब्याच्या जाळावर हलगी शेकून घेतली. कातडं तापून टणक झालं, बोट लावताच बोलायला लागलं.

नारळ झाले, केळी झाली, सुपारी झाली; हे सगळं उघड्या डोळ्यांनी, निवाड्याविना. शिट्ट्यांचा पाऊस. मग महिपती पट्टी बांधून घेण्याआधी म्हस्कूपाशी आला, वाकला आणि हळूच म्हणाला, "तात्या, आज समदं वस्तादाच्या मनासारखं."

"व्हय, वस्ताद," म्हस्कू म्हणाला. महिपतीचा तो शब्द आदरापोटी आलेला, असंच त्याला वाटलं.

गेणू पाटावर पालथा पडला. लिंबू ठेवलं गेलं. हलगी सुरू झाली.

फेर धावू लागला तसं पातं उन्हात चमकत फिरू लागलं; सूं सूं आवाज हलगीच्या खालून येत राहिला. म्हस्कूनं ठेका जड केला. तोल. महिपती पावलापावलानं गेणूच्या डाव्या खांद्याशी आला. पातं गुडघ्याच्या उंचीवर घोळू लागलं. आता आणखी थोडं, आणि मग थांबा, आणि मग थाप. म्हस्कूनं मनाशी घोकलं आणि निवाड्यासाठी महिपतीच्या पायांकडं पाहिलं.

महिपतीची डावी टाच उचललेली होती.

म्हस्कू ती टाच ओळखून होता. ही टाच त्यानं अर्धं आयुष्य रिंगणाच्या पलीकडून पाहिली होती. ती सावळारामाची टाच. "शांतता कानानं न्हाय, टाचंनं ऐकायची," म्हणायचे वस्ताद. जुन्या चालीत आवाज तुटताच झेपावायचं असतं, म्हणून टाच वर. नव्या चालीत थापेची वाट बघायची असते. दोन्ही पाय जमिनीत रोवलेले. आणि आता त्याला महिपतीचा तो मघाचा शब्द कळला. वस्तादांच्या आठवणीचा खेळ, वस्तादांची हलगी, वस्तादांचा जुना हलगीवाला. महिपतीनं या सगळ्यांसाठी आपली चाल बाजूला ठेवून जुनी चाल घोकली होती. तो शांततेची वाट बघत होता.

आणि गेणूही शांततेची वाट बघत होता. त्या शांततेत मान हलवायची असं त्याला थोरल्या भावानंच शिकवलं होतं.

म्हस्कूचे हात थांबले नाहीत. थांबणं आता त्यांच्या हातात राहिलं नव्हतं. हलगी जोवर बोलते तोवर पातं घोळतं. हलगी गप्प झाली की ते पडणार, हलत्या मानेवर पडणार. त्यानं थाप मारून पाहिली, नव्या चालीची भरघोस थाप. महिपती ढिम्म. जुन्या चालीत थापेला काही अर्थ नव्हता. आणि "थांब" म्हणायला जुन्या चालीत काहीच नव्हतं. फिर होतं, तोल होतं, मार होतं. थांब नव्हतं. ते महिपतीलाच पहिल्यांदा कळलं होतं आणि म्हणूनच त्यानं ती चाल बदलली होती.

"वस्ताद, थांबा!" म्हस्कू ओरडला.

"थांबा!" गर्दीतून कुणीतरी नक्कल केली. "मारा!" दुसरा ओरडला. "आवं घाबरलं म्हातारं!" हशा पिकला. पट्टेवाल्यानं माणसाचा आवाज ऐकायचाच नसतो, कारण जत्रेत टवाळ सगळीकडं असतात. महिपतीनं फक्त हलगी ऐकली.

नदीवरून वारा सुटला होता. म्हस्कूला बोटांखाली कळलं की कातडं निवतंय, सैल पडतंय. आवाज बसू लागला होता. तो जोर करून वाजवत राहिला, मनगट भरून आलं. तोल इतका लांबलेला कुणी पाहिला नव्हता. शिट्ट्या विरळ होत गेल्या. तेवढ्यात लाऊडस्पीकर खरखरला. महिपतीची मान किंचित वळली, टाच आणखी उचलली गेली, म्हस्कूनं काडी मोडेल इतक्या जोरानं ठोके टाकले आणि टाच पुन्हा स्थिरावली.

गेणूच्या कानात सांगावं का, जुनी चाल आहे, हलू नकोस? क्षणभर तेच मनात आलं. पण हात शिकायला किती दिवस गेले ते म्हस्कूला ठाऊक होतं. गेणूचा कान ऐकेल. त्याची हनुवटी ऐकेल का?

म्हस्कू वाजवतच चालू लागला. रिंगणात हलगीवाल्यानं पाऊल टाकायचं नसतं. लोक पुटपुटले. तो गेणूच्या पायांशी गेला, गुडघे टेकून बसला, पात्याची झुळूक कपाळाला लागेल इतका जवळ.

"गेणू," ठोक्यांच्या मधून तो म्हणाला, "मागं सर. पोटावर. सापावानी."

"आन् निवाडा?" पाटाला नाक लावलेल्या गेणूचा आवाज आला.

"निवाडा गेला खड्ड्यात. डोकं वर करू नगंस. सर!"

गेणूनं आयुष्यात भावाशी वाद घातला नाही असा दिवस नव्हता. पण या आवाजात त्यानं भावाला कधी ऐकलं नव्हतं. तो सरकू लागला. लिंबू मानेवरून घरंगळलं, धुळीत गेलं. पात्याखालून आधी त्याचा एक खांदा निघाला, मग दुसरा, मग डोकं. टोपीचं टोक पात्यानं अलगद उडवलं आणि बायकांमधून एक किंकाळी आली. म्हस्कूनं त्याला मांडीनं बाजूला ढकलला.

आता पाट रिकामा होता. आता थांबायला हरकत नाही, असं कुणालाही वाटलं असतं. पण म्हस्कूला पट्टा ठाऊक होता. लिंबाची साल लागली की खेळणाऱ्याचा हात तिथंच अडतो. काहीच लागलं नाही, तर ते लवलवतं पातं भरवेगानं फिरून खेळणाऱ्याच्याच नडगीवर येतं. महिपतीचा पाय जाणार. पाटावर काहीतरी हवं होतं, मानेच्याच उंचीचं.

म्हस्कूनं गुडघ्यांवर पुढं सरकत डाव्या हातातली हलगी पाटाकडं नेली. पात्याखालून, वाजवत वाजवत. कडं पाटावर टेकवलं, जिथं गेणूची मान होती तिथं. बापाच्या खळग्यातून त्याचा अंगठा सुटला. दोन ठोके, तीन ठोके; आणि त्यानं दोन्ही हात मागं ओढून घेतले.

सगळं मैदान गप्प झालं.

पातं पडलं. फर्रकन कातडं फाटलं, लाकूड तडकलं, आणि लोकांना वाटलं हाच डाव! काय टाळ्या, काय आरोळ्या! फेटे हवेत उडाले.

महिपती मात्र तसाच उभा होता. डोळ्यांवर पट्टी, हात खाली, पातं थरथरत.

"तात्या," तो म्हणाला, "लिंबू न्हाय लागलं. कातडं लागलं. कुनाचं... तात्या, बोला की."

"हलगीचं हाय, वस्ताद. पट्टी काढा."

महिपतीनं पट्टी ओरबाडून काढली. पाटावर चिरलेली हलगी, बाजूला धुळीत बसलेला गेणू, बोडक्या डोक्यावरून हात फिरवून सगळं जागेवर आहे का बघत. महिपतीनं हातातला पट्टा उतरवून खाली ठेवला.

"तुमी जुनी वाजवनार न्हवता व्हय?" त्यानं कसंबसं विचारलं.

"मी नवी घोकून आलो. तुमच्या आखाड्यात तुमची."

"आन् मी म्हनलं, तात्या येनार तर..."

भागूबाई रिंगणात शिरली होती. ती आधी नवऱ्यापाशी गेली, त्याची मान पदरानं पुसली, जणू तिथं लिंबाचा रस असावा. मग दोघांकडं वळली.

"सकाळी येका ताटात जेवला न्हवं दोघं? रडला, गळ्यात पडला. आन् कंची चाल, येवढं इचारायला तोंडात घास व्हता का?"

म्हस्कूचे हात मांडीवर पडले होते आणि पहिल्यांदाच त्यांची बोटं हलत नव्हती.

"आगं, मी हाय की जित्ता," गेणू म्हणाला.

"तुमी गप बसा. तुमचं घरी जाऊन बघते."

पुढल्या चैत्रात पुन्हा खेळ ठरला. महिपतीनं म्हस्कूसाठी नवी हलगी घडवून आणली होती. म्हस्कूला तिच्यात अंगठा कुठं ठेवावा ते अजून कळत नव्हतं. गेणू पुन्हा पाटावर पडायला तयार होता. भागूबाईचा होकार मिळेना. अखेर ती आली ती काखेत स्वतःच्या मळ्यातला दुधी घेऊन. सगळ्यांदेखत तिनं तो पाटावर ठेवला.

"आधी ह्याच्यावर. शेवटापर्यंत."

महिपती चपापला. "वहिनी, निवाडा रिकामा वाजवत न्हाईत. वस्तादाची शिस्त हाय."

"रिकामा कुठं? दुधी हाय की."

"पन मानूस पडायच्या आधी वाजवला तर अपशकुन..."

"हू द्या अपशकुन. दुधीला हू द्या."

महिपतीनं म्हस्कूकडं पाहिलं. म्हस्कूनं हलगी काखेत घेतली आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "चाल कंची, वस्ताद?"

"नवी!"

फेर झाला, तोल झाला. हलगी थांबली, पातं हवेत थांबलं. थाप पडली आणि दुधीचे दोन तुकडे झाले. भागूबाईनं ते उचलून नीट निरखले, दोन्ही काप सारखे पडलेत का पाहिलं, ओटीत टाकले आणि पाटापासून बाजूला झाली.

"पडा आता," ती नवऱ्याला म्हणाली.